उजव्या हाताचं वचन

अण्णांचं डोकं फुटलेलं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सातवीत होते. पांढरा सदरा छातीपर्यंत लाल झालेला, आणि हा माणूस ओट्यावर बसून आईला म्हणतोय, "चहा टाक की." आई रडत होती. मी भडकले होते. कुणी मारलं विचारलं तर म्हणाले, "नवऱ्या मुलानं." म्हणजे ज्याचं लग्न त्यांनीच आदल्या वर्षी लावलं होतं, त्याने वीट फेकून मारली होती.

माझे वडील बौद्धाचार्य होते. चिंचोळी एमआयडीसीत सकाळची पाळी करायची, घरी येऊन अंघोळ, पांढरे कपडे, आणि लुनावर बसून निघायचं. कुणाचं लग्न, कुणाच्या बाळाचं नाव ठेवणं, कुणाची अंत्ययात्रा. सोलापुरातल्या वस्त्या असोत की माढ्याकडची खेडी, बोलावणं आलं की हे चालले. सगळं आयुष्य त्यांनी या कामाला वाहिलं, आणि आम्हाला त्यातलं उरलंसुरलं मिळालं. तरी आमचा त्यांच्यावर फार जीव होता.

त्यांची एक खोड होती. लग्नात नवरदेव वचनं देतो, त्यांच्या शेवटी ते पदरचं एक वचन जोडायचे. नवऱ्या मुलाने उजवा हात सगळ्यांसमोर पुढे धरायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "हा हात मी हिच्यावर उचलणार नाही." मांडवात हशा पिकायचा. वर्ष झालं की अण्णा न सांगता त्या घरी जाऊन थडकायचे, पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "पाव्हणं, हात फुडं करा. वचन म्हना."

बहुतेक जण लाजत का होईना म्हणायचे. पण ज्यांनी हात उचललेला असायचा, त्यांची जीभ अडायची. मग अण्णा तिथून हलत नसत. एकाने त्यांच्यावर कुत्रं सोडलं. एकाने सायकलची चेन पाठीवर ओढली. उजनीच्या काठी केळीच्या एका बागेत पाण्याच्या मोटारीच्या पाइपाने त्यांना असं झोडपलं, की ते कायमचे लंगडू लागले. पण अण्णांनी कधी उलटून बोट लावलं नाही. "जीव दुखवायचा न्हाय, हे पहिलं शील मी लोकान्ला देतो. मीच कसं मोडू?"

"तुमी बी मार खाता आन् ती बाई बी खाती," मी एकदा भडकून म्हणाले. "फायदा काय झाला?"

"मार निम्मा हुतो की."

या माणसाला हलवून हलवून विचारावंसं वाटायचं, की तुम्हाला राग नावाची चीज दिलीच नाही का कुणी? माझ्या तर नाकावर होता.

माझं लग्नही त्यांनीच लावलं. नवरा विहारात नेमाने येणारा, गोड गळ्याचा. मांडवात उजवा हात त्याने असा ऐटीत पुढे केला की बायका कौतुकाने बघत राहिल्या. दिवाळीच्या आत त्याच हाताने माझं डोकं गॅसच्या टाकीवर आपटलं. नंतर पट्टा आला. एकदा तापलेलं उलथणं मनगटावर टेकवलं आणि मी ओरडू नये म्हणून तोंडात फडकं कोंबलं. माहेरी मी चकार शब्द काढला नाही. कळलं तर अण्णा येणार, उंबऱ्यात बसून राहणार आणि हा त्यांना जिवंत सोडणार नाही, याची मला खात्री होती. मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. खलबत्त्यातला लोखंडी बत्ता जुन्या लुगड्यात गुंडाळून वळकटीत ठेवला. नवरा पिऊन झोपला की तो त्याच्या डोक्यात घालायचा. एक घाव, आणि संपलं.

ज्या दिवशी मी ते करणार होते, त्याच दिवशी दुपारी दारात लुना थांबली. लग्नाला वर्ष झाल्याचं मी विसरले होते. अण्णा विसरले नव्हते.

नवऱ्याला सुट्टी होती. अण्णा जमिनीवर बसले, वळकटीला टेकले, पाणी प्यायले. "पाव्हणं, हात फुडं करा."

त्याने हसत हात पुढे केला आणि सगळी वचनं म्हटली. एक अक्षर चुकलं नाही. शेवटचं तर विहारातल्यासारखं घोळवून म्हटलं. अण्णा त्या हाताकडे बघत राहिले. ज्यांची जीभ अडते त्यांचं काय करायचं हे त्यांना ठाऊक होतं. याचं काय करायचं, ते कळत नसावं. मी रिकामा तांब्या डाव्या हाताने उचलला.

"उजव्याला काय झालं, बाळ?"

"पोळलाय. तुमच्या पोरीला काम कुटं येतंय," नवरा म्हणाला, आणि थट्टा केल्यासारखी त्याने माझ्या मानेवर चापट मारली. चापट कसली, मी भिंतीवर जाऊन आदळले.

मी वळले तेव्हा अण्णा उभे होते आणि त्यांच्या हातात बत्ता होता. पहिलाच घाव त्याच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. तो गुरासारखा ओरडत खाली लोळला, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. अण्णांनी पुन्हा हात उचलला. तो तसाच वर राहिला, मग हळूहळू खाली आला.

"चल," ते मला म्हणाले.

मला माहेरी सोडून ते स्वतः पोलीस ठाण्यात गेले आणि काय केलं ते सांगून आले. माझे डाग बाहेर निघतील म्हणून नवऱ्याने तक्रार केली नाही, आणि मी परत गेले नाही. रविवारी विहारात सगळ्यांसमोर तेच सांगितलं, सर्वांत तरुण बौद्धाचार्यासमोर हात जोडून बसले, आणि त्याच्याकडून पंचशील घेतलं. त्यानंतर ते कधीही पुढे उभे राहिले नाहीत. ना लग्नाला, ना मयताला. लोकांनी विनवलं, बाप म्हणून हात उठला, त्यात काय चुकलं? अण्णा विहारात सगळ्यांच्या मागे, शेवटच्या चटईवर बसत राहिले. वस्तीतले काही नवरे निवांत झाले, आता वर्षाने विचारायला कुणी येणार नव्हतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्या हरामखोराच्या एका हातापायी एवढं काम सोडायचं? मी भांडले, अबोला धरला, पुन्हा भांडले. ते ऐकून घ्यायचे. मी वर्षानुवर्षं चिडलेलीच राहिले.

शेवटच्या आजारात दवाखान्यात त्यांना मोसंबीचा रस पाजताना मी पुन्हा तेच काढलं. "एका फटक्यासाठी, अण्णा!"

त्यांनी पेला बाजूला सारला. "त्या दिवशी वळकटीला टेकलो तवा पाठीला बत्ता टोचला. लुगड्यात गुंडाळल्याला. आथरुनात बत्ता कशाला ठिवत्यात, कळलं की मला."

मी पेला खाली ठेवला.

"तू उचलला असतास तर जीव गेला असता, पोरी. माज्या हातनं मनगटावर भागलं."

एवढं बोलून त्यांना धाप लागली. मी पेला पुन्हा त्यांच्या ओठांना लावला, पण रस त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडला. मी भांडत होते ती सगळी वर्षं हा माणूस माझा गुन्हा स्वतःच्या नावावर घेऊन शेवटच्या चटईवर बसला होता.