एक खाच लावायची, दोन खाचा प्यायच्या

मुळशी तालुक्यात डोंगर चढायला जाणारी पोरं आजही प्रथमोपचाराच्या पेटीसाठी जी यादी वापरतात, तिला ‘डॉक्टरांची यादी’ म्हणतात. डॉक्टर म्हणजे मी. खरं तर मी डॉक्टर नव्हतो, पौडच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होतो, आणि ती यादीही माझी नव्हती. तिच्यातल्या चौदा वस्तूंपैकी अकरा माझ्या एका दुकानदार मित्रानं निवडल्या होत्या. पण यादीला नाव मिळालं माझं, आणि त्याला मिळाली बदनामी. ती बदनामी माझ्यामुळे झाली. हे लिहायला मी फार वर्षं लावली.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आमचं आठ-नऊ जणांचं टोळकं होतं. मी कासार आंबोलीचा, दोघे उरवड्याकडच्या कारखान्यात कामाला, आणि आमचे म्होरके म्हणजे घोटावड्याचे ड्रिल मास्तर. अंगानं पैलवान, गळ्यात शिट्टी, आवाज असा की धरणाच्या ह्या काठावरून हाक मारली तर त्या काठावरची म्हैस मान वर करील. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही कुठला तरी डोंगर धरायचो. एसटी जाईल तिथवर एसटी, पुढे पाय.

दुकानदार मित्राला आम्ही सगळे भाई म्हणायचो. पौडच्या बाजारपेठेत त्याचं किराणा दुकान होतं, आजोबांपासूनचं. शुक्रवारी दुपारी तो नमाजाला गेला की तेवढा वेळ गल्ल्यावर मी बसायचो, इतकी आमची दोस्ती. तो मला ‘डाक्टर’ म्हणायचा, थोडं कौतुकानं आणि बरंचसं चिडवायला.

एकदा ताम्हिणीच्या बाजूला गेलो असताना एकाच्या तळपायात काटा मोडला आणि आमच्याकडे साधी सुई नव्हती. परत आल्यावर मास्तरांनी हुकूम सोडला, पेटी झालीच पाहिजे. ती ठरवायचं काम माझ्याकडे आणि भाईकडे दिलं. मी दवाखान्यातला म्हणून, आणि भाईकडे रिकामा बिस्किटाचा डबा होता म्हणून.

मी मोठ्या तयारीनं गेलो. थर्मामीटर, चिमटा, बाकदार कात्री, काचेचं डोळे धुवायचं भांडं, आणि आमच्या डॉक्टरांनी टाकून दिलेला एक स्टेथोस्कोप. सगळं फळीवर मांडलं. भाई गूळ फोडत होता. हात पुसून त्यानं स्टेथोस्कोप उचलला.

“ह्याचं काय करायचं?”

“छातीचे ठोके ऐकायचे.”

“डोंगर चढल्यावर समद्यांचं ठोकं हितं दुकानापतुर ऐकू येत्यात. ठेव खाली.”

मग त्यानं त्याची पद्धत सांगितली. गेल्या दोन वर्षांत कुणाला काय झालं ते आठवायचं, आणि त्याच्यावर जे खरंच लागलं असतं तेवढंच डब्यात. त्याला सगळं पाठ होतं. खरचटणं सगळ्यात जास्त. मग टाचेचे फोड, काटे, पायात गोळे, पावसाळ्यात जळवा, एकदा जुलाब, आणि मास्तरांची दर वेळची डोकेदुखी. “ती शिट्टी फुंकून होती,” भाई म्हणाला, “पर सुंठ ठिऊ.”

“आणि हाड मोडलं तर? फळ्या नकोत बांधायला?”

“आरं डोंगरात काठ्या न्हाईत व्हय? जे डोंगरात गावतं ते पाठीवर न्ह्यायचं न्हाई.”

हे वाक्य पुढे माझ्या नावावर खपलं. ते भाईचं आहे.

त्यानं ठेवलेल्या वस्तू अशा: स्वच्छ धुऊन उकळलेल्या जुन्या धोतराच्या पट्ट्या, कापूस, सुई, टाचण्या, मीठ, गूळ, सुंठ, जळवा सोडवायला तंबाखूची पुडी, साबणाची वडी, दोरी आणि कोकमाचं आगळ. आगळ त्याच्याकडे घाटाखालच्या ओळखीच्या माणसाकडून यायचं, दाट आणि खारट. उन्हानं कुणी गळपटला, पायात गोळे आले, की पाण्यात घालून प्यायचं. माझ्या बाजूनं टिकल्या तीनच वस्तू: चिमटा, डोकेदुखीच्या गोळ्या आणि दवाखान्यातलं लाल औषध. थर्मामीटरसाठी मी भांडलो. त्यानं तो तराजूत टाकला, दुसऱ्या पारड्यात तेवढीच सुंठ टाकली आणि म्हणाला, “बोल, कड्यावर काय पायजे?” मी थर्मामीटर उचलून परत पिशवीत टाकला.

लाल औषध आणि आगळ, दोन्ही मी आणलेल्या दवाखान्याच्या बाटल्यांत भरायचं ठरलं. त्या काळी दवाखान्यातलं पातळ औषध बाटलीत मिळायचं आणि बाटलीला बाहेरून कागदाची उभी पट्टी चिकटवलेली असायची. पट्टीच्या कडेला खाचा कापलेल्या, एक खाच म्हणजे एक डोस. वाचता न येणारी म्हातारी माणसंही खाच बघून बरोबर औषध घ्यायची. त्यावरून मी आमची खूण काढली. एक खाच म्हणजे लावायचं, दोन खाचा म्हणजे प्यायचं. मास्तरांनी ते सगळ्यांकडून पाढ्यासारखं म्हणून घेतलं.

पुढच्या डोंगराच्या आदल्या दिवशी, शनिवारी, भाईनं माझ्यासमोर दोन्ही बाटल्या भरल्या, पट्ट्या कापल्या, चिकटवल्या. बरोबर भरल्या, बरोबर चिकटवल्या. मी डोळ्यांनी पाहिलं. फक्त त्याच्या पट्ट्या पुडीच्या कागदाच्या होत्या, हळदीचे डाग पडलेल्या, आणि दुकानातल्या बोथट कात्रीनं खाचा वेड्यावाकड्या झाल्या होत्या. मी डबा बघायला म्हणून घरी नेला. दिवसाला शंभर पट्ट्या कापणाऱ्या माणसाला त्या खाचा बघवेनात. पडवीत बसलो, दोन्ही पट्ट्या भिजवून काढल्या, दवाखान्यातल्या गुळगुळीत पांढऱ्या कागदाच्या नव्या कापल्या, भाताच्या खळीनं चिकटवल्या. खाचा अशा सुरेख की डॉक्टरांनीही मान डोलवावी. बाटल्या सारख्या, रंग सारखा गडद लाल. बूच काढून वास घेतला असता तर काम झालं असतं. पण कंपाउंडर असून बाटली हुंगून ओळखायची म्हणजे कमीपणा वाटला.

रविवारी आम्ही घनगडाच्या वाटेला होतो. घसाऱ्यावर मास्तर घसरले. दोन्ही गुडघे सोलून निघाले. मास्तर हसत म्हणाले, “डॉक्टर, चला, तुमची परीक्षा!” मी डबा उघडला. सगळे भोवती जमले. मी ऐटीत एक खाच असलेली बाटली काढली, कापूस चांगला भिजवला आणि दोन्ही गुडघ्यांवर एकदमच दाबला.

मास्तरांनी जी बोंब मारली तिला शिट्टीची गरज नव्हती. खालच्या पठारावरची गुरं पळाली. “मेलो! अरे काय लावलंस! आग, आग!” मीठ होतं ना त्या आगळात. आणि त्याच क्षणी आंबट वास माझ्या नाकात शिरला. काय झालं ते मला कळलं. बाकीचे हसत होते, त्यांना वाटलं एवढा पैलवान आणि औषधाला घाबरतो.

पण भाईनंही वास ओळखला होता. तो माझ्याकडे वळला नाही, मागे वळला. मागे उरवड्याचा एकजण पायात गोळे आले म्हणून दोन खाचांच्या बाटलीतलं सरबत करून पेला तोंडाला लावत होता. भाईनं धावत जाऊन पेल्यावर असा फटका मारला की पेला दरीत गेला. “पिऊ नगंस! ते लावायचं हाय!”

मग हसणं थांबलं. मास्तर फुंकर घालत ओरडत होते, “कुणाचा गाढवपणा हा? कुणाचा?”

इथं मी खोटं बोललो असतो तर एक वेळ बरं. मी फक्त एक प्रश्न विचारला.

“बाटल्या भरल्या कुणी होत्या?”

सगळ्यांना माहीत होतं कुणी भरल्या होत्या. सगळे भाईकडे बघायला लागले. भाई म्हणाला, “म्या बरूबर भरल्या हुत्या.” पण मास्तरांच्या आरडाओरड्यात ते शेजारी उभ्या असलेल्या मलाच ऐकू गेलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मास्तरांचे गुडघे पाण्यानं धुवायला लागलो.

खाली उतरताना मास्तर म्हणाले, “आजपासून पेटी डॉक्टरकडे. किराणा वेगळा, औषध वेगळं.” एसटीत कुणीतरी त्याला ‘आगळभाई’ म्हणालं आणि ते नाव चिकटलं. बाजारात माणसं त्याला विचारायची, “भाई, गोडंतेल मागितलं तर गोडंतेलच देणार ना?” तो हसायचा. पुढच्या दोन रविवारी आला. तिसऱ्या वेळी म्हणाला, दुकानात माल यायचा आहे. नंतर त्याच्याकडे दर दुसऱ्या रविवारी माल यायला लागला.

पेटी मी बारा-तेरा वर्षं वाहिली, त्यानं निवडलेल्या वस्तूंसकट. टोळक्याचं पुढे मंडळ झालं, आणि मंडळानं छोटी पुस्तिका काढली तेव्हा यादी माझ्या नावानं छापली. मला शाल दिली. शाल घेताना पाहिलं, भाई आला नव्हता. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लाज वाटली.

दोस्ती तशी तुटली नाही. त्याच्या घरी ईदला शिरखुर्मा, माझ्या घरी दिवाळीला चकली, मुलांची लग्नं, सगळं झालं. फक्त डोंगर हा विषय आम्ही काढत नव्हतो. बरं, आमच्या दोघांच्याही खिडकीबाहेर डोंगरच डोंगर, त्यामुळे हे सोपं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात मी त्याच्या दुकानी गेलो. दुकान आता नातू बघतो, भाई खुर्ची टाकून बाहेर बसतो. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. पट्ट्या मी बदलल्या होत्या, उलट्या मी चिकटवल्या, त्याच क्षणी मला कळलं होतं.

त्यानं खुर्ची माझ्याकडे वळवून घेतली. मग म्हणाला, “मला कशापायी सांगतोयस?”

“तुला कळायला नको?”

“मला काय कळायचं राहिलंय? म्या बरूबर भरल्या हुत्या ह्ये मला तवाबी ठावं हुतं. ज्यांना ठावं न्हाई त्यांना जाऊन सांग की!” आणि मग त्याचा आवाज चढला. नातू आतून बाहेर आला. “चाळीस वरसं! लोकं माज्याकडनं मीठ घेताना चाखून घ्यायची, मर्दा!”

“चुकलो, भाई.”

“चुकला न्हाईस. चुकणं पडवीत झालं. त्याला मी काय म्हणत न्हाई, कुणाचंबी हुतंय. पर कड्यावर तू इचारलंस.”

त्याच्याइतकं नेमकं मला स्वतःलाही कधी मांडता आलं नव्हतं.

टोळक्यातले आता तिघेच उरलो आहोत. दुसऱ्या दिवशी नातवाच्या गाडीतून आम्ही दोघे घोटावड्याला मास्तरांकडे गेलो. मास्तर ऐंशीच्या पुढे, कान थोडे कमी, आवाज मात्र तसाच. मी पुन्हा सगळं सांगितलं, मोठ्यानं, दोनदा. सूनबाई चहा घेऊन दारातच थांबली. मास्तरांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला आणि भाईवरच ओरडले.

“मग तू तेव्हाच का बोलला नाहीस?”

“बोललो हुतो,” भाई म्हणाला. “तुमी वरडत हुता.”

सूनबाई आधी हसली. मग मास्तर हसायला लागले, हसता हसता त्यांना खोकला लागला, आणि खोकला थांबल्यावर त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर देत उठून भाईपुढे हात जोडले. भाई म्हणाला, “बसा, बसा मास्तर, पडाल आन त्येबी माज्याच नावावर.” माझ्याकडे मास्तरांनी बोट रोखलं. “आणि तू! हे लिहून काढ. मंडळाच्या पुस्तकात आलं पाहिजे. शाल घेतलीस ना सगळ्यांसमोर?” म्हणून हे लिहिलं.

परतताना गाडीत भाई रस्त्याला झालेली नवी घरं, कारखाने, कुणाची जमीन कुणाकडे गेली ते सगळं दाखवत होता. माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि मी विचारलंही नाही. पौडला उतरताना दार धरून थांबला.

“मंडळाची नवी पोरं यायची हायेत रविवारी. पेटीची यादी नव्यानं करायची म्हणत्यात. मी सांगीन, तू लिव.”

मी रविवारी गेलो. तो सांगत होता, मी लिहीत होतो. पोरांनी दोनदा मला विचारलं, “डॉक्टर, तुम्हाला काय वाटतं?” मी म्हणालो, भाईंना विचारा. तेवढं सोडून दीड तास मध्ये एक शब्द बोललो नाही. फार अवघड गेलं.