ठिपका कुठवर चढला?

माझ्या थोरल्या नणंदेइतका कशावरही पटकन विश्वास न ठेवणारा माणूस अख्ख्या भिवंडी तालुक्यात सापडायचा नाही, आणि कुणावर पटकन संशय न घेणाराही. ताई आमच्या शाळेच्या ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात, मी खाली आठवी-नववीला मराठी. राहतो एकाच घरात. तेव्हा मी सांगते त्यात ऐकीव काही नाही.

त्यांचा जीव थिन लेयर क्रोमॅटोग्राफीत. काचेच्या पट्टीवर सिलिकाचा पांढरा थर द्यायचा, खाली पेन्सिलीने रेघ मारून तिच्यावर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका ठेवायचा आणि पट्टी बरणीतल्या थोड्याशा द्रावकात उभी करायची. टिपकागदावर शाई चढावी तसं द्रावक वर चढतं आणि ठिपक्यातला एकेक पदार्थ आपापल्या उंचीला थांबतो. द्रावक चढत असताना बरणीचं झाकण काढायचं नाही, टेबल हलवायचं नाही आणि मोठ्याने बोलायचं नाही. या शेवटच्या नियमाला शास्त्रात काही आधार आहे का, असं मी एकदा विचारलं. "नाही गं," त्या म्हणाल्या, "पण मला बरं वाटतं." घरी याचा परिणाम असा, की भात शिजताना झाकण उचलून बघणाऱ्याची खैर नसते. शाईची रेघ द्रावकात पसरते म्हणून वाण्याची यादीसुद्धा पेन्सिलीने. बँकेने त्यांचा पेन्सिलीने भरलेला फॉर्म परत केला, तेव्हा त्यांना बँकेचीच कीव आली.

एकदा पडघ्याहून येताना आम्ही वडप्याला ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलो. रिक्षावाला शिव्या घालत होता, ताई खूश. "बघ, सगळे एकाच रेघेवरून सुटले. कंटेनर रस्त्याला चिकटून बसला, टेम्पो जरा पुढे, बाइकवाले केव्हाच पार. माझ्या पट्टीवर हेच होतं." दुसऱ्या दिवशी बारावीला हाच धडा. चाचणी परीक्षेत एका मुलीने 'कमी चिकटणारा पदार्थ म्हणजे बाइक' असं लिहिलं आणि ताईंनी तिला पूर्ण मार्क दिले.

शाळेच्या फाटकाशी बर्फाच्या गोळ्यांची गाडी घेऊन एक गोळेवाला उभा राहायचा. पिकल्या दाढीचा, शांत माणूस. गेल्या मार्चात पाचसहा मुलांची पोटं बिघडली आणि बोट त्याच्याकडे गेलं, कारण त्याचा भाऊ कापड रंगवायच्या कारखान्यात, डाइंगमध्ये, कामाला होता. सहावीतल्या एका मुलाचे वडील तणतणत मुख्याध्यापकांच्या खोलीत आले. "सर, पोराची जीभ दोन दिस लाल हाय. कापडाचा रंग न्हाय तर काय हाय ह्यो?" गोळेवाल्याला बोलावलं. "मैं बच्चों को कपड़े का रंग पिलाऊँगा क्या?" एवढंच तो म्हणाला. सरांनी त्याला त्याच दिवशी फाटकावरून हलवलं.

तो गाडी घेऊन निघाला तेव्हा ताईंनी तिच्यावरचा लाल पाक बाटलीत भरून घेतला. त्या डाइंगमध्ये त्यांचा एक जुना विद्यार्थी होता, त्याच्याकडून तिथला लाल रंग मागवला. दोन्ही ठिपके एका पट्टीवर ठेवले. दोन्ही चढले आणि अगदी एकाच उंचीला थांबले.

"झालं सिद्ध!" सर म्हणाले.

"नाही सर. दोन माणसं एका मजल्यावर राहतात म्हणून ती एक होत नाहीत. द्रावक बदलून बघायला हवं."

पण हवं होतं ते द्रावक संपलेलं. मागणीचा कागद ऑफिसातून फिरून बाटली यायला दहा दिवस लागले. तोवर 'गोळ्यात कपड्याचा रंग' हे गल्लोगल्ली झालं होतं. या दहा दिवसांत ताई कुणाशी धड बोलल्या नाहीत. भाताचं झाकण मी दोनदा उचललं, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

बाटली आली त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी तीन ठिपके ठेवले. पाक, कपड्याचा रंग, आणि वाण्याकडचा खायचा लाल रंग. मी शेजारी उभी होते. कपड्याचा रंग खालीच रेंगाळला. बाकीचे दोघे शेजारी शेजारी वर गेले.

"म्हणजे खायचाच रंग," मी म्हणाले.

"ते मी छातीठोक सांगणार नाही. कपड्याचा नाही, हे मात्र नक्की."

पालकसभेत ताईंनी ती पट्टी हातोहात फिरवली. तणतणणाऱ्या वडिलांनी ती खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. "कापडाचा न्हाय ना? मंग बोलवा त्याला. माझ्याच तोंडातून निघालं व्हतं." सरही नको म्हणाले नाहीत.

गोळेवाला तोवर काल्हेरला एका गोडाऊनमध्ये खोकी उचलायला लागला होता. रविवारी ताई मला घेऊन तिथे गेल्या. तो गेटवर आला, मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाला, "वापस नहीं आऊँगा मैडम. यहाँ पक्की ड्यूटी है, ऊपर पत्रा है."

"और बरफ कहाँ से लाते थे?" ताईंनी विचारलंच.

त्याने कान खाजवला. "वो... मच्छी बाजार का था."

"उसी से पेट बिगड़े होंगे."

"होंगे," तो हळूच म्हणाला. मग त्याने पट्टी मागितली, भावाला दाखवायला. एरवी ताई पट्टी कपाटाबाहेर जाऊ देत नाहीत. मलासुद्धा हात लावू देत नाहीत. त्यांनी ती पर्समधून काढून त्याच्या हातावर ठेवली आणि कोणता ठिपका कुणाचा ते दोनदा समजावलं. त्याने ती रुमालात गुंडाळून खिशात ठेवली आणि ड्युटीवर गेला.

परतताना आम्ही रिक्षात बसलो.

"दहा दिवस फार झाले गं," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "त्याचं नाव काय?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं आम्ही त्याच्यासमोरून जात होतो.