बंबातली अर्धी बादली

पत्रक मी लिहिलं होतं, हे आधीच सांगून टाकते. वर ठळक अक्षरांत ओळ होती: ‘धूर दिसला की जाब विचारा!’ उद्गारचिन्हं मी तीन दिली होती. छापणाऱ्याने दोन कापली, जागा नाही म्हणाला. आमच्या गटाने ती पत्रकं विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर वाटली. गट म्हणजे आम्ही पाच जण, त्यातला एक फक्त चहाला येतो.

दोन दिवसांनी सकाळी दारावरची बेल वाजली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. एका हातात माझं पत्रक.

“हे तूच वाटलंस ना?”

“हो काकू!” मी हरखलेच. पत्रक वाचून कोणी दारात येण्याची ही पहिलीच वेळ. लोक त्यात शेंगदाणे खातात.

“मग मी जाब विचारायला आलेय.” दुसरा हात पुढे आला. त्यात ताट, ताटात साबुदाण्याच्या पापड्या, पापड्यांवर काळे ठिपके.

“तीळ घातलेत का?” मी विचारलं.

“काजळी आहे ती. तुझ्या बापाच्या बंबाची.”

आता बंबाबद्दल. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, बाबांचा तांब्याचा बंब उभा असतो. मधोमध उभं नळकांडं, त्यात जाळ, त्याच्याभोवती पाणी, खाली जाळी आणि राख, बाजूला तोटी. गावाहून एस्टीच्या टपावर बसून तो आधी ठाण्याला आला, मग आमच्याबरोबर इथे. गिझर बाबांना मान्य नाही. गिझरचं पाणी वरून गरम आणि आतून गार असतं, असं त्यांचं मत आहे आणि मी विज्ञान शिकलेली असूनही मला ते खोडून काढता आलेलं नाही, कारण ते ऐकत नाहीत.

पण खरी गोष्ट वेगळी होती. कंपनीतून रिटायर झाल्यावर बाबांना काही विचारणारं कोणी उरलं नव्हतं. बंबामुळे उरलं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाळंतिणीला शेक-अंघोळीला एक बादली, पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना एक. रोज सकाळी जिन्यातून हाक यायची, “काका, झालं का पाणी?” आणि बाबा वरून असे ओरडायचे, “होतंय, होतंय!” जणू अख्खं धरण सोडायचंय. बंब गेला असता, तर ती हाक गेली असती.

आणि काकूंना नेमकं तेच हवं होतं. बंब जायला हवा. सोसायटीच्या कमिटीत सात जण आहेत. सातव्या काकू, बाकीचे सहा त्यांचं ऐकतात. कुरडयांचा मोसम तोंडावर आला होता. गच्ची एक, ऊन एक, आणि मधे बाबांचं धुराडं.

“गहू भिजत घालायच्या आत निकाल लावायचा,” काकू म्हणाल्या. “भंगारवाला बोलावू का?”

मी प्रचारक आहे. मला कोणी मुदत दिली की माझ्या तोंडून घोषणा निघते. “पंधरा दिवस द्या! धूर शून्य करून दाखवते! नाही झाला तर बंब भंगारात!”

मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. बाबांच्या हातातला तांब्या होता.

“बंब कुणाचा गो?” बाबांनी विचारलं.

“तुमचा.”

“पैजेवर लावला कुणी?”

“मी.”

“बरं,” बाबा म्हणाले, आणि तांब्या उचलून गच्चीवर गेले.

चुलीतलं मला किती कळतं, तेही सांगायला हवं. मागच्या वर्षी आम्ही खडवलीला धुराविरुद्ध पथनाट्य करायला गेलेलो. धुराची भूमिका मीच केलेली, काळी ओढणी घेऊन. नाटक झाल्यावर एक बाई म्हणाली, “ताई, एवढं सांगताय तर आमची चूल पेटवून दाखवा.” मी पेटवायला बसले. अख्खी काडेपेटी संपली. घरभर धूर. बाई खोकत खोकत म्हणाली, “नाटकात बरा होता की ओ धूर, कमी होता.” मग तिनेच दाखवलं: अंगठ्याएवढ्या ढलप्या, मधे बोटभर फट, आणि खालची राख रोज काढायची. “चुलीलाही नाक असतं. ते बुजवायचं नाही.” तेव्हा मला अपमान वाटलेला. आता तेवढंच माझं शिक्षण होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी वही आणि मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन गच्चीवर गेले. बाबांनी बंब पेटवला, म्हणजे नळकांडं गळ्यापर्यंत भरलं. करवंट्या, आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या, नारळाची सोडणं, सगळं ओलसर, कारण सरपण टाकीच्या ओव्हरफ्लोखाली ठेवलेलं. खालच्या जाळीत राख इतकी की हवेने आत जायचं तर अर्ज करायला लागेल. धुराडं काळंकुट्ट ओकायला लागलं.

“हे काय आहे बाबा?”

“बंब.”

“हा गुन्हा आहे!”

“मग जा, पोलीस आण. त्यांनाही अंघोळ घालू.”

पाणी उकळायला पन्नास मिनिटं लागली. मी वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मग मी लढा उभारला. सरपण टाकीपासून लांब, उन्हात. पेट्यांच्या फळ्या कोयत्याने चिरल्या. दोन बोटंही चिरली, पण लढ्यात असं चालतं. राख काढली, ती दोन घमेली निघाली. रंगाच्या रिकाम्या डब्यांची बुडं कापून धुराडं हातभर उंच केलं. गच्चीच्या भिंतीवर फलक लावला: ‘नळकांडं भरू नका! थोडं थोडं घाला!’ बाबांनी त्यावर टॉवेल वाळत घातला.

आठव्या दिवशी जाळ असा लागला की बघत राहावं. पिवळाधमक, सरळ, आतून घोंगावणारा. धूर जवळपास नाही. मी स्टॉपवॉच लावलं. वीस मिनिटं झाली. तीस. पाणी कोमट. चाळीस. बाबांनी पाण्यात बोट घातलं, तोंड वाकडं केलं, आणि मी वळते न वळते तोच चार करवंट्या आत कोंबल्या. भक्कन काळा लोट.

“बाबा!”

“बाळंतीण खाली थांबलीय. तिला तुझी वही दाखवू?”

पंचेचाळीस मिनिटं. एवढं करून फक्त पाच वाचली. एवढा सुंदर जाळ, आणि त्याची धग पाण्यात जाण्याऐवजी धुराड्यातून वर कावळ्यांना मिळत होती. संताप आला. माझ्या गटातल्यांना फोन केला. एक म्हणाला, हा व्यवस्थेचा दोष आहे. मलाही तसंच वाटत होतं, पण गच्चीवर व्यवस्था कुठे सापडेना.

सापडली ती हिशेब चुकला म्हणून. बाबा कायम म्हणायचे, बंब दोन बादल्यांचा. बाराव्या दिवशी मी तो पूर्ण रिकामा करून स्वतः भरला. दीड बादलीतच पाणी तोंडाशी आलं. परत रिकामा केला, परत भरला. दीड.

“बाबा, अर्धी बादली कुठे गेली?”

“कसली?”

“बंबातली! ठाण्याला असताना दोन मावायच्या ना?”

“मावायच्या.”

मी वाईट आहे. माझा पहिला संशय काकूंवर गेला. जिन्यात जाऊन मी त्यांना विचारलंदेखील, बंबाला कोणी हात लावला होता का. काकू म्हणाल्या, “अगं, भांड्यातलं पाणी चोरतात. भांड्याची जागा कशी चोरतील?”

हे इतकं बिनतोड होतं की मी थेट वर गेले, पाणी ओतायच्या तोंडातून मोबाईलचा टॉर्च आत धरला आणि किंचाळले. आत पांढरी गुहा होती. नळकांड्याला चारी बाजूंनी दोन दोन बोटं जाड चुना धरलेला. ठाण्याचं पाणी गोडं. इथे आल्यापासून आमच्या बिल्डिंगला बोअरिंगचं, क्षारांनी भरलेलं. इतकी वर्षं ते उकळून उकळून त्यातला क्षार नळकांड्यावर बसत गेलेला. म्हणजे आमचा जाळ रोज आधी चुना तापवत होता, आणि वेळ उरला तर पाणी. मी बारा दिवस आगीला शहाणपण शिकवत होते, आणि पाण्याच्या बाजूने एकदाही डोकावले नव्हते.

“बाबा, तुम्ही हा आतून कधी धुतला?”

“रोज आत पाणीच असतं की. आणखी काय धुवायचं?”

चिंच आणली. व्हिनेगर आणलं. लिंबूफूल आणलं. सगळं पाण्यात घालून बंब मंद तापवला. आतून फसफस ऐकू यायला लागली, जणू बंबाला अखेर बोलायला मिळालं. बाबा रिकाम्या चिंचेच्या बरणीकडे बघत होते. “आमटी फिकी खायची, बंबाने आंबट प्यायचं. चांगलं राज्य आलंय.” दोन दिवस हाच उद्योग. खरवडून, हलवून, तोंडातून नि तोटीतून चुन्याच्या खपल्या निघाल्या. मी त्या बादलीत जमवल्या. खरंच, जवळपास अर्धी भरली! हरवलेली अर्धी बादली मला बादलीतच परत मिळाली. आत तांबं लालबुंद दिसत होतं. मी बाबांना मिठी मारली. त्यांनी ती सहन केली.

हा चौदावा दिवस, शनिवार. रविवारी सकाळी परीक्षा. तालीम म्हणून बंब भरला, पेटवला.

स्स्स्स.

नळकांड्याच्या आतून पाण्याची धार जाळावर. मग दुसरी. मग तिसरी. ओला, राखाडी, अजस्र धूर उठला; असा धूर बाबांनी पस्तीस वर्षांत केला नव्हता. खालून काकूंचा आवाज आला, “उद्या कशाला, आजच बोलावते भंगारवाल्याला!”

बंब गळत होता. कधीपासून फुटका होता देव जाणे, पण चुन्याने त्याची भोकं बुजवून ठेवली होती. ज्याला मी हाकललं, तोच बिचारा इतकी वर्षं बंब सांभाळत होता.

मला वाटलं बाबा ओरडतील. बाबा राखेत बसले आणि बंबावरून हात फिरवत राहिले. इतकंच म्हणाले, “आजोबांना सांगून ये, उद्या पाणी नाही म्हणून.”

मी सांगायला गेले नाही. रिक्षा थांबवली. बंब मधे, बाबा एका बाजूला, मी दुसऱ्या. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, “काका, ह्यांना पुढे बसवू का? पाय लांब करता येतील.” बाबा पहिल्यांदा हसले.

कल्याणच्या जुन्या बाजारात तांबट काका सापडले. त्यांनी बंब उलटा केला, आत दिवा धरला, बोटाने भोकं मोजली.

“चुना कुणी काढला?”

“मी,” मी छाती काढून म्हणाले.

“चांगला काढलात. पण आधी माझ्याकडे आणायचा, मग काढायचा. आता उघडा पडलाय.” त्यांनी तिन्ही भोकं पितळेने सांधली, पाणी भरून टिचकी मारली. ठण्ण. बाबांनी परत मारली. ठण्ण. रिक्षात घरापर्यंत ते टिचक्याच मारत होते.

रविवारी सगळी बिल्डिंग गच्चीवर. काकूंनी स्वतःची पांढरीशुभ्र चादर आणलेली, ज्यावर कुरडया घालतात ती. धुराड्याच्या वाऱ्याच्या दिशेला दोरीवर टांगली. अट साधी: चादर पांढरी राहिली तर बंब राहील.

बाबांनी अंगठ्याएवढ्या ढलप्या रचल्या, मधे बोटभर फट. पेटवलं. थोडं थोडं घालत राहिले. करवंटीकडे हात गेला की मी खाकरायचे.

सगळे धुराड्याकडे बघत होते. काहीच दिसत नव्हतं.

“पेटवा की आता,” काकू म्हणाल्या.

“पेटलाय,” बाबा म्हणाले.

“कुठे पेटलाय? धूर कुठाय?”

“तोच तर मुद्दा आहे काकू!” मी ओरडले.

काकूंचा विश्वास बसेना. त्यांनी तोटी उघडली, बोट खाली धरलं, आणि “आई गं!” करून बोट तोंडात घातलं. मी स्टॉपवॉच बघितलं. वीस मिनिटं! पन्नासाची वीस! तेवढ्यात जिन्यातून आजोबांची हाक आली, “काका, झालं का पाणी?”

“झालं!” बाबा ओरडले. होतंय नाही. झालं.

मला राहवेना. मी धावत चादरीकडे गेले. एक ठिपका नाही. एक नाही! मी ती दोरीवरून ओढली आणि मोर्चात बॅनर धरतात तशी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. “बघा! बघा सगळ्यांनी! आहे का डाग? कुठे आहे धूर?”

कोणी टाळ्या वाजवेना. काकू चादरीकडे बघत होत्या. बाबांनी कपाळाला हात लावला. मी मान वर केली. सकाळपासून मी राख काढली होती, जाळी झाडली होती, धुराडं पुसलं होतं. चादरीवर माझी दहा बोटं उमटलेली, ठसठशीत काळी, पत्रकाच्या मथळ्यासारखी.

“धूर नाहीये,” काकू सावकाश म्हणाल्या. “ते मी मान्य करते. काजळी आहे. ती दोन पायांवर चालते.”

तिथेच कमिटी बसली. ठराव दोन झाले. पहिला: बंब गच्चीवरच राहील, आणि रोज एक बादली तिसऱ्या मजल्यावरही जाईल, काकूंच्या गुडघ्यांसाठी. दुसरा: कुरडया वाळून डब्यात जाईपर्यंत मला गच्चीवर यायला बंदी. दुसऱ्या ठरावाला मी विरोध केला. एकटीनेच. हा आवाज दडपण्याचा प्रकार आहे, असंही म्हटलं.

मतदान झालं. सगळे हात वर गेले. त्यात शेवटचा, जरा उशिरा गेलेला, ओल्या बोटांचा हात बाबांचा होता.