ओठांवरचं वाचणारी

इस्त्रीवालीला लहानपणच्या तापापासून ऐकू येत नव्हतं, पण तिच्यासमोर कुजबुज करायची सोय नव्हती. रस्त्यापलीकडून कुणी "कॉलर जाळली वाटतं हिनं" असं नुसतं पुटपुटलं तरी इकडून उत्तर जाई, "जळलेलीच आणली होती!" ओठ बघून ती सगळं ओळखायची. नवरा म्हणायचा, "हिच्यासमोर मनातसुद्धा तोंड मिटूनच बोलावं लागतं."

तिचा एक डोळा पूर्वीच गेलेला. दुसऱ्याचं बुबुळ पांढरं पडलं, तेव्हा कुणा मेलेल्या माणसाचं बुबुळ बसवलं. पट्टी निघाली, उजेड आला, घरात आनंदीआनंद झाला. पण ओठ वाचायला गेली नि आगीतून फुफाट्यात पडल्यासारखं झालं. एका तोंडाला ओठांच्या दोन-दोन जोड्या, त्याही तिरक्या ओढलेल्या.

"टाके कुठे घट्ट, कुठे सैल आहेत," डॉक्टरीणबाई नवऱ्याला म्हणाल्या. "त्यामुळे बुबुळ वाकडं ताणलंय. जास्त ओढणारे टाके एकेक करून काढू."

पहिला टाका काढला तसे ओठ जरा जवळ आले. दुसरा काढला नि भलत्याच बाजूला पसरले. चष्म्याचा नंबर ठरेना. आता म्हणे थांबा, डोळा स्थिरावू दे. नवऱ्याला राग यायचा, पण काढणार कुणावर?

ती मात्र हार मानेना. मान कलती करून समोरच्याच्या तोंडाकडे बघायची आणि "हो हो, कळलं" म्हणायची. गिऱ्हाइकाने "कोट राहू दे" म्हटलं, हिने कोटच आधी घेतला. गिऱ्हाईक हसलं, तीही हसली. नवरा खाली मान घालून बाही दाबत राहिला. परगावी नोकरीला गेलेल्या लेकीला तर तिने ठणकावून सांगितलं होतं, डोळा झकास झालाय. नवऱ्यालाही होकार द्यायला लावला होता.

एका दुपारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. आईने फोन नाकाशी धरला. मागे इस्त्री फिरवणाऱ्या बापाला रडवेला आवाज ऐकू आला.

"आई, मला इथं नाही गं राहवत. परत येऊ का?"

"छान, छान!" आई हसून म्हणाली. "आमची काळजी नको करूस. राहा तिकडेच मजेत."

लेक मग "बरं, आई" एवढंच म्हणाली. बाप इस्त्री टेकवून धावला, तोवर फोन बंद झाला होता.

"पाहिलंत?" बायकोचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता. "एकूण एक शब्द कळला मला. खुशीत आहे पोर."

तिला दिसेल अशी त्याने हळूच मान हलवली, हो.