कोरा रकाना

लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे इंजिनीअरबाई म्हणत. शिक्षणाने ती इंजिनीअर नव्हती. अकरा वर्षं ती तिथे कारकून होती. मेकॅनिकांनी आणलेले तपासणीचे तेलकट कागद फायलींना लावायचे, आणि कुणाचं अक्षर कुणाचं हे लांबूनच ओळखायचं, हे तिचं काम. नोकरीला लावलं होतं सख्ख्या मामाने. मामा तिथला सगळ्यात जुना मेकॅनिक. "भाची आहे म्हणून सांगत नाही, पण काम चोख करते," एवढीच त्याची शिफारस.

मग मालकांनी ॲप बनवायचा एक प्लॅटफॉर्म विकत घेतला. कोड लिहायची भानगडच नाही. डावीकडच्या पट्टीतून रकाने उचलायचे, समोरच्या मोबाइलच्या चित्रावर ठेवायचे, बटण दाबायचं, झालं ॲप. विकायला आलेला माणूस म्हणाला होता, ज्याला वाणसामानाची यादी करता येते त्याला हे येईल. बाईला यादी उत्तम यायची. बारा दिवसांत तिने तपासणीचं ॲप उभं केलं. मालकांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवून तिला 'इंजिनीअरबाई' म्हटलं, ते नाव तिला चिकटलं आणि पुढचा आठवडाभर तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

मेकॅनिक मात्र कुरकुरत होते. चाळीस रकाने, प्रत्येकात 'ठीक' निवडायचं, हाताला ग्रीस, फोन सटकतो. तिला त्यांची दया आली. शिवाय शाबासकीची चटकही लागली होती, ते कशाला लपवा. एका दुपारी तिने चाळीसही रकान्यांत 'ठीक' आधीच भरून ठेवलं, फिकट अक्षरांत. बिघाड असेल तिथेच काय ते बोट लावायचं. मेकॅनिक खूश. मामाला तर तिने शेजारी बसवून शिकवलं. "मामा, जिथे काही सांगायचंय तिथेच हात लाव. बाकी तसंच सोड."

ते फिकट 'ठीक' मामाला चष्म्यातूनही दिसत नव्हतं, हे तिच्या ध्यानात आलं नाही. आणि 'तपासलं नाही' असं सांगायची सोय तिने कुठेच ठेवली नव्हती. कागदावर त्यासाठी शब्द लागतच नसे. मेकॅनिक रकाना कोरा सोडायचा, ती तो कागद बाजूला काढायची, मेकॅनिक पुन्हा जायचा. अकरा वर्षं तिने हेच केलं होतं आणि ॲप बनवताना नेमकं हेच विसरली.

पुढे एका सहा मजली इमारतीत मामाला मशीनरूमची किल्ली मिळाली नाही, आणि लिफ्टचा ब्रेक असतो तिथेच. वॉचमन कुठेतरी गेला होता. मामाने बाकीचं सगळं तपासलं, ब्रेकच्या रकान्याला हात लावला नाही आणि फॉर्म पाठवून दिला. ऑफिस कोरा रकाना बघेल आणि परत पाठवेल, नेहमीसारखं. नऊ दिवसांनी ती लिफ्ट थांबता थांबता अर्धा मजला खाली घसरली. आत एक बाई होत्या. त्या पडल्या, मनगट मोडलं. नोंद उघडली तर ब्रेकसमोर 'ठीक', आणि खाली मामाचं नाव.

अपघाताचा फोन ऑफिसात आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. इंजिनीअरबाईला क्षणात सगळं कळलं. उठून मालकांच्या खोलीत जायला दहा पावलं होती. ती उठली नाही. तिने प्लॅटफॉर्म उघडला, सगळे 'ठीक' काढून टाकले, 'तपासलं नाही' हा पर्याय घातला आणि बटण दाबलं. पुन्हा असं व्हायला नको म्हणून, असं तिने स्वतःला बजावलं. ते खोटं नव्हतं. पण बटण दाबताना ती दाराकडे बघत होती, आणि निव्वळ सुधारणा करणारं माणूस दाराकडे बघत नाही.

दुपारी मामाला एकट्यालाच बोलावलं; बाकीचे मेकॅनिक बाहेर कामावर होते.

"मी ब्रेकला हातच लावला नाही साहेब. कोरा सोडला," मामा म्हणाला.

मालकांनी मामाचाच फोन घेऊन नवा फॉर्म उघडला. "बघा. रकाना कोराच येतोय. मग 'ठीक' काय आपोआप उमटलं?"

मामाने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता. अडलं की तिला विचारायचं, एवढंच त्याला ठाऊक. "तू सांग गं. कोरा सोडला की कोराच राहतो ना?"

"हो मामा," ती म्हणाली. "कोराच राहतो."

एकतीस वर्षं काम केलेल्या माणसाला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं गेलं. मामाने टूलबॅग कपाटात ठेवली आणि कपाटाची किल्ली मालकांच्या टेबलावर.

चार दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. रविवारी सकाळी ती मामाकडे गेली. मामीने दारातच आवाज खाली आणला. "गॅस बंद केला का, तीनतीनदा उठून बघतात. काल मला विचारलं, मी मघाशी काय बोललो गं?"

मामा टेबलाशी बसून लिहीत होता. "बरी आलीस. शुद्धलेखन तेवढं बघ."

ते अक्षर तिच्या ओळखीचं होतं. 'माझ्याकडून विसरभोळेपणाने ठीक दाबले गेले असावे.'

"मला अजून आठवतंय, हात लावला नव्हता," मामा म्हणाला. "पण मशीन कशाला खोटं बोलेल? तूही तेच म्हणालीस. म्हणजे डोकंच दगा देतंय माझं. असं डोकं घेऊन लोकांच्या लिफ्टी कशा तपासू मी?"

तिला स्वतःची शिसारी आली. तिने फोन काढला, प्लॅटफॉर्मवरची बदलांची नोंद उघडली आणि त्याच्यापुढे ठेवली. तारीख, वेळ, तिचं नाव. "'ठीक' मी भरून ठेवलं होतं, मामा. त्या दिवशी फोन आल्यावर काढलं. आणि तुझ्यासमोर खोटं बोलले."

मामाने चष्मा पुसला, ओळ दोनदा वाचली. ती त्याच्या ओरडण्याची वाट बघत होती.

"म्हणजे मी हात लावला नव्हता," तो म्हणाला.

"नाही."

"अगं ऐकलंस का," त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगितलं, "मी हात लावला नव्हता." त्याला इतका आनंद झाला होता की तिला मान वर करवेना. शिव्या खाणं सोपं गेलं असतं.

मामाने आपला कागद फाडला, वहीतलं दुसरं पान काढून तिच्यापुढे सरकवलं आणि वर पेन ठेवलं. तिने मालकांचं नाव घातलं, आणि 'माझ्या मामांचा काही दोष नाही' इथून सुरुवात केली. मामा खांद्यावरून वाचत होता.

"माझं नंतर लिही," तो म्हणाला. "आधी त्या पडल्या त्या बाईंचं लिही. कशा आहेत त्या आता?"

तिचं पेन थांबलं. चार दिवसांत तिने ते कुणालाच विचारलं नव्हतं.