हशा संपेपर्यंत

माईक हातात घेण्याआधी सोपानतात्या चप्पल काढायचे. नीरा नदीच्या घाटावरचे दगड उन्हाने कितीही तापलेले असोत, चप्पल बाजूला, टोपी सारखी केलेली, आणि मगच "उपस्थित बंधू-भगिनींनो". निरवांगीत माझा मंडप-स्पीकरचा धंदा आहे. आसपासच्या गावांत कुणाचा दहावा असला की स्पीकर माझा आणि निवेदन तात्यांचे, हे न सांगता ठरलेले असे.

आमच्याकडे दहाव्याला भाषणे होतात. एकीकडे पिंड ठेवून लोक कावळ्याची वाट बघत असतात आणि दुसरीकडे कारखान्याचे, सोसायटीचे, बाजार समितीचे आजी-माजी पुढारी रांगेने श्रद्धांजली वाहत असतात. त्यात गेलेल्याचे नाव चुकले तरी कुणाला फरक पडत नाही. तात्यांना पडायचा. घरच्यांना बाजूला घेऊन ते एकच गोष्ट विचारत, "त्यास्नी खायाला काय आवडायचं?" मग दोन भाषणांच्या मधे शांतपणे सांगत, की आबांना शिळ्या भाकरीचा काला आवडायचा. तेवढ्या वाक्याला बायका तोंडाला पदर लावत. "मोठं लई जण बोलत्यात," तात्या म्हणायचे, "आपुन खरं तेवढं बोलावं."

त्यांच्या पुतण्याने अशाच एका निवेदनाचा व्हिडिओ मुंबईला टीव्हीवाल्यांकडे पाठवला. रात्री उशिरा लागणारा विनोदी कार्यक्रम होता तो, छोट्या छोट्या प्रहसनांचा. त्यांनी तात्यांना बोलावून घेतले आणि दहाव्यावरच प्रहसन लिहिले. भाषणे संपत नाहीत म्हणून काळा कोट घातलेला कावळा वैतागतो आणि शेवटी स्वतःच माईक मागतो. निवेदकाच्या कामात तात्या.

तो भाग लागला तेव्हा अख्खे गाव जागे होते. मीही पोट धरून हसलो, खोटे कशाला बोलू? तात्या अनवाणी, इतके गंभीर उभे होते की नुसते "यानंतर श्रद्धांजली वाहतील" म्हणाले तरी समोरचे प्रेक्षक खुर्चीतून खाली पडायचे बाकी राहत. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. इंदापूरपासून बारामतीपर्यंत ज्याच्या त्याच्या फोनवर तात्या. ते मात्र गोंधळले होते.

"मी काय येगळं केलं न्हाय रं," मला म्हणाले. "हितं घाटावर बोलतो तेच तितं बोललो. त्यांनी फकस्त एक शिकवलं. लोकं हसली की थांबायचं. हसणं संपलं की म्होरलं वाक्य."

पुढचा दहावा शेजारच्या गावात होता. तात्यांनी चप्पल काढली आणि मागून कुणीतरी "काव काव" केले. पोरेटोरे नव्हेत, चांगले मिशीवाले बाप्ये. ज्याचा बाप गेला होता तो मुलगासुद्धा, नुकतेच मुंडन केलेला, मान खाली घालून हसू दाबत होता. त्याचे ते हलणारे डोके मला अजून दिसते.

त्यानंतर घाटावरची बोलावणी बंद झाली. "तात्या, राग मानू नका, पर लोकं हसत्यात." बारशाची, वाढदिवसाची, हॉटेलच्या उद्घाटनाची आमंत्रणे मात्र यायला लागली. "ते कावळ्याचं म्हणा" अशी फर्माईश असायची. तात्या हात जोडत. "त्या कामाचं माझ्याजवळ काय न्हाय," म्हणत आणि घरात जात.

मग हिराकाकू, त्यांची बायको, गेली. दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी तात्या माझ्याकडे आले. "निवेदनाला दुसऱ्या कुणाला सांगू नगंस. हिराचं मी बोलणार." मी बरं म्हणालो. दुसरे काय म्हणणार? भीती मात्र वाटत होती.

घाटावर खूप लोक आले होते. तात्यांनी चप्पल काढली, टोपी सारखी केली. "उपस्थित बंधू-भगिनींनो," म्हणाले आणि गर्दीतून फस्सकन हसू फुटले. एकाचे दुसऱ्याला लागले. माणसे वाईट नव्हती. तोंडावर रुमाल दाबत होती, एकमेकांना कोपराने ढोसून गप्प करत होती, तरी हसू येतच होते. आवाज बंद करावा म्हणून माझा हात बटणावर गेला. तात्यांनी माझ्याकडे बघून मानेनेच नको म्हटले.

आणि ते थांबले. शिकवले होते तसे. चेहऱ्यावर राग नाही, रडू नाही, काहीच नाही. शेवटच्या माणसाचे हसणे संपेपर्यंत माईक धरून उभे राहिले. मग पुढचे वाक्य बोलले, "हिराबाईंना हरभऱ्याच्या पाल्याचा घोळाणा आवडायचा."

आता कुणी हसले नाही. रडलेही नाही. मलाही काही वाटले नाही. वायर गुंडाळताना हात आपोआप चालत होते, एवढेच आठवते.

तात्यांनी पुन्हा माईक धरला नाही. या उन्हाळ्यात ते गेले. त्यांच्या दहाव्याला बारामतीचा निवेदक आला, बूट घालूनच बोलला, चांगला बोलला. टीव्हीवर झळकलेले आपले लाडके कलाकार, म्हणाला. पुढाऱ्यांची भाषणे लांबत गेली आणि कावळा काही पिंडाला शिवेना. टीव्हीवर दाखवले होते तसेच हुबेहूब चालले होते, पण त्या दिवशी कुणाला हसू आले नाही. घरच्यांनी सगळी वचने देऊन बघितली. मग पुतण्या हळूच मला विचारायला लागला, तात्यांना खायला काय आवडायचे? मला माहीत नव्हते. त्याने आणखी दोघातिघांना विचारले. सांगणारी काकू आधीच गेली होती. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि लोक उठले.