लिफ्टमध्ये न मावणारी काठी

आमच्या सोसायटीत सहादू गांगुर्डे यांना सगळे नशीबवान म्हणतात. मुलगा इंजिनिअर, सून बँकेत, दोन नातवंडं, चौथ्या मजल्यावर हवेशीर फ्लॅट. मला हे ऐकलं की चीड येते. म्हणणाऱ्यांपैकी एकानं तरी त्यांचा एक दिवस काढून बघावा. सकाळी वेदिकाला शाळेच्या रिक्षात बसवायचं, दुपारी उतरवून घ्यायचं, हर्षलला क्लासला सोडायचं, आणायचं, आणि मधल्या वेळात गॅसवाला, कुरिअरवाला, कामवाली यांना दार उघडायला घरात थांबायचं. पानाच्या टपरीपर्यंत जायचं तरी त्यांना घड्याळ बघावं लागतं. मी त्यांच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतो, त्यामुळे हे सगळं मला दारातून दिसतं.

सहादूभाऊंनी उभा जन्म सातपूरच्या कारखान्यात शिफ्टा करण्यात घालवला. बायको कुसाबाई दारणाकाठच्या गावी. शेत, म्हशी, सासूसासरे तिनं सांभाळायचे, यांनी सातपूरला खोली घेऊन राहायचं आणि सुट्टीच्या दिवशी पिशवी घेऊन गावी जायचं. आमच्या नाशकात असे संसार कितीतरी आहेत, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. रिटायर झालो की गावी राहायचं आणि बंधाऱ्यावर गळ टाकून बसायचं, एवढंच त्यांचं स्वप्न. पण निरोप समारंभातला हार सुकायच्या आत मुलगा शेखर त्यांना इकडे घेऊन आला. वेदिका तेव्हा रांगत होती. कुसाबाईला आणायचा प्रश्नच नव्हता, म्हशी कुणी बघायच्या? वेदिका पहिलीत जाईपर्यंतच, असं शेखर तेव्हा म्हणाला होता. नंतर तो विषय त्यानंही काढला नाही आणि यांनीही काढला नाही.

यंदाच्या जूनमध्ये वेदिका पहिलीत जाणार होती. सहादूभाऊंनी बेत केला आणि तो फक्त मला सांगितला. मे महिन्यात पोरांना मासे धरायला शिकवतो म्हणून गावी न्यायचं. आठ दिवसांनी शेखर पोरांना घेऊन जाईल आणि हे मागेच राहतील. तोंडावर नाही म्हणायची ज्यांना सवय नसते, ती माणसं अशीच आडवळणानं सुटका शोधतात.

भद्रकालीतल्या दुकानात काठ्या घ्यायला आम्ही चौघं गेलो. हर्षलनं मोबाइलवर परदेशातले मासेमारीचे व्हिडिओ बघून ठेवले होते. त्याला दोरा गुंडाळायचं मोठं चकचकीत रील हवं होतं, अगदी समुद्रातल्या माशाला पुरेल असं. दुकानदारानं शांतपणे ते बाजूला ठेवलं आणि घडीची हलकी काठी त्याच्या हातात दिली, छोट्या रीलची. वेदिकाला रील नकोच, असं त्याचं म्हणणं पडलं. बुटकी काठी, टोकालाच तंगूस, नायलॉनचा दोरा, बांधायचा, तोही काठीएवढाच लांब, म्हणजे तिच्याच कानात गळ अडकायचा नाही. सहादूभाऊ म्हणाले, तंगूस जाड द्या, मासा तोडून पळाला तर पोरं रडतील. दुकानदार हसला. बंधाऱ्यातल्या तळहाताएवढ्या चिलापीला दावं कशाला लागतं, असं विचारून त्यानं बारीक तंगूस गुंडाळून दिला.

मग सहादूभाऊंनी कोपऱ्यातली एक काठी मागितली. अखंड, घडी न होणारी, दुकानाच्या छताला टेकलेली. मी म्हटलं, अहो, ही लिफ्टमध्ये मावायची नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पोरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "म्हणून तर घेतोय. ही परत इथं यायचीच नाही."

त्या दिवशी चार मजले ती काठी त्यांनी जिन्यानं चढवली. वळणावळणावर ती भिंतीला अडकत होती, वॉचमन खालून ओरडत होता. सहादूभाऊंना मी त्याआधी इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

पुढचं सगळं मला त्यांनीच सांगितलं, गावाहून आल्यावर, पार्किंगमधल्या बाकावर बसून.

मेमध्ये शेखरनं तिघांना गाडीनं गावी पोहोचवलं. काठी खिडकीतून हातभर बाहेर. तो लगेच माघारी गेला. बंधाऱ्यात गुडघाभर पाणी होतं, पोरांना बसायला सपाट खडक होता. हर्षलचं रील पहिल्याच दिवशी गुंतलं आणि ते सोडवण्यात त्याची सकाळ गेली. वेदिकाला मात्र कणकेच्या गोळीवर एक चिलापी लागली. ती इतकी घाबरली, की काठी टाकून आजोबांच्या कमरेला मिठी मारून बसली. सहादूभाऊंच्या लांब काठीला काहीच लागलं नाही. त्यांना त्याचं काहीच नव्हतं. गार वारा, पाण्यात पाय आणि दार उघडायला कुणी बोलवत नाही, एवढ्यावर ते तृप्त होते.

संध्याकाळी घरी आल्यावर काठी ठेवायला जागा शोधू लागले. पुढच्या खोलीत बचत गटाचं शेवयांचं मशीन होतं, खाटांवर शेवया वाळत होत्या. दुपारभर तिथे बायकांचा राबता. आतल्या खोलीत कुसाबाईच्या सोबतीला शेजारची आक्काबाई झोपायला येई. सहादूभाऊंचं अंथरूण पोरांबरोबर ओसरीवर पडलं होतं. पाहुण्याचं पडतं तसंच. काठी कुठं ठेवू, असं त्यांनी विचारलं, तर कुसाबाई म्हणाली, आठ दिवसांसाठी असू द्या गोठ्याला टेकून.

तेव्हा त्यांनी सांगितलं, की आठ दिवसांसाठी नाही, मी आता कायमचा आलोय.

कुसाबाई हातातलं पीठ मळत राहिली. भांडायचं तिच्या मनात नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, असं सहादूभाऊ मला म्हणाले.

"तुम्ही आठवड्याला एक दिस यायचे," ती म्हणाली. "त्या एका दिसाचं मी समदं गोडधोड करायची. पण रोजचं आपण कधी ऱ्हायलोच नाय. आता मला एकटीची सवय झाली. ह्या वयात रोजचं नाय जमायचं मला."

ती खोटं बोलत नव्हती. सासूसासऱ्यांची दुखणी तिनं एकटीनं काढली, म्हशीची अडलेली वेतं एकटीनं सोडवली. हे सुट्टीला आले, जेवले, झोपले, पिशवी उचलून गेले. घर आपलं आहे असं त्यांना सातपूरच्या खोलीत बसून वाटत राहिलं, आणि तिथे राहणारीला विचारायचं राहूनच गेलं. मला त्यांची कीव आली आणि कुसाबाईचा राग काही केल्या येईना.

उरलेले दिवस ते पोरांना घेऊन बंधाऱ्यावर जात राहिले. रविवारी शेखर आणि सून शुभांगी घ्यायला आले. सहादूभाऊंना वाटलं होतं, आता हा म्हणेल आणखी एक वर्ष काढा. शेखरनं त्यांना ओसरीवर बसवलं, स्वतः खाली बसला.

"आण्णा, पोरांसाठी आम्ही पाळणाघर बघून ठेवलंय," तो म्हणाला. "वेदिका पहिलीत जाईपर्यंत म्हणालो होतो ना? लय केलं तुम्ही आमचं. आता इथंच ऱ्हावा, आईजवळ."

इतकी वर्षं पोरानं शब्द लक्षात ठेवला होता. सहादूभाऊंनी दाराकडे पाहिलं. कुसाबाई चौकटीत उभी होती, पदराला हात पुसत. तिनं वर पाहिलं नाही. एक शब्द तिनं बोलावा, नुसतं 'ऱ्हावा की' म्हणावं, म्हणून ते थांबले. शेखर उत्तराची वाट बघत होता.

"पाळणाघरात कशाला टाकतोस पोरं?" सहादूभाऊ म्हणाले. "मी हाय की."

शेखरचे डोळे भरून आले. शुभांगी वाकून पाया पडली. आता हीच गोष्ट शेखर सोसायटीत कौतुकानं सांगतो, की आम्ही सोडलं तरी आण्णांना नातवंडांशिवाय करमेना. आणि सगळे पुन्हा म्हणतात, नशीबवान माणूस.

निघताना कुसाबाईनं शेवयांचे पुडे गाडीत ठेवले, पोरांचे मुके घेतले. लांब काठी गोठ्याला टेकलेलीच राहिली. मग सहादूभाऊंच्या खिडकीशी आली. काहीतरी बोलेल असं त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं, आणि ती बोललीही.

"पुढच्या खेपेला येताना आधी फोन करा. घरात बाया असत्यात."

सहादूभाऊ बरं म्हणाले. शेखरनं एसी लावला आणि पुढूनच बटण दाबून त्यांची काच वर केली.